तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर: फ्लॅप, नळी, लाईट आणि तोंड उघडण्याचा हिशेब

आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गालाच्या आतून आणि खालच्या हिरडीच्या खोबणीत होतो. तंबाखू-चुन्याची गोळी, मशेरी, गुटखा जिथे धरून ठेवला जातो, नेमका तिथेच. त्यामुळे ऑपरेशनमध्ये नुसती गाठ निघत नाही. गालाचं अस्तर, जबड्याच्या हाडाचा तुकडा, काही दात आणि मानेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) असं सगळं एकत्र काढावं लागतं, आणि ती मोकळी जागा शरीराच्या दुसऱ्या भागातलं मांस, कातडी किंवा हाड आणून भरतात. या भरलेल्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात.

सर्जन आठ-दहा तासांत जागा भरून देतो. त्या जागेनं खायला, बोलायला आणि तोंड उघडायला शिकणं मात्र पुढचं वर्षभर घरी चालतं. बहुतेक घरांत टाके निघाले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यापासून तोंड आखडायला लागतं. हा लेख त्या वर्षासाठी आहे: रुग्णासाठी आणि त्याच्याजवळ बसणाऱ्या घरच्या माणसासाठी.

१. ऑपरेशनच्या आधी: कागद आणि चार प्रश्न

एक जाड फाईल करा आणि तिच्यात तारखेच्या क्रमानं हे लावा:

- बायोप्सीचा रिपोर्ट. त्या तुकड्याच्या काचा (स्लाईड) आणि मेणाचे ब्लॉकही प्रयोगशाळेतून मागून घ्या. दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर तिथे ते पुन्हा तपासतात
- सीटी किंवा एमआरआयची फिल्म आणि सीडी. नुसता लेखी रिपोर्ट पुरत नाही
- रक्तगट, शुगर, ईसीजी, चालू गोळ्यांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लाल पेनानं लिहा
- रेशन कार्ड, आधार कार्ड, दोन्हींच्या झेरॉक्स

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. पण ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरायचे आणि मागाहून पावत्या दाखवून परत घ्यायचे, असं तिच्यात होत नाही. म्हणून ॲडमिट होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलावर जा आणि मंजुरी आली का ते विचारा. प्रवासासाठी रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. स्लीपर आणि थ्री-एसीत कॅन्सर रुग्णाला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. मुंबईत राहण्याची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कितीतरी लोक तिथेच उतरतात.

सर्जनला विचारायचे प्रश्न चारच: जबड्याचं हाड पूर्ण जाडीचं कापणार की वरची कड? फ्लॅप कुठून घेणार? गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी ठेवणार का? नंतर लाईट लागण्याची शक्यता किती? रेडिएशनला वॉर्डात सगळे लाईटच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो.

दातांच्या डॉक्टरला याच टप्प्यावर भेटा. किडलेले, हलणारे दात काढायचे असतील तर जखम भरायला लाईटआधी दोन-तीन आठवडे मिळायला हवेत. पुष्कळदा ते ऑपरेशनच्या टेबलावरच काढून टाकतात, पण त्यासाठी आधी कुणीतरी आठवण करावी लागते.

२. फ्लॅप कुठला, त्यावर तुमचं पुढचं काम ठरतं

*छातीचा फ्लॅप.* छातीचा स्नायू कातडीसकट गळपट्टीच्या हाडावरून वर वळवतात. रक्तवाहिनी तोडत नाहीत, त्यामुळे वेळ कमी लागतो आणि मायक्रोस्कोप लागत नाही. मानेवर एक फुगवटा दिसतो, तो काही महिन्यांत बराच बसतो. पुरुषांच्या छातीवर केस असतील तर तोंडातही केस उगवतात. दचकू नका आणि उपटू नका. लाईट दिली तर ते बहुधा गळून जातात.

*मनगटाजवळचा फ्लॅप.* पातळ आणि लवचीक असल्यानं जीभ, गाल यांसाठी चांगला. शक्यतो ज्या हातानं लिहीत नाही त्या हाताचा घेतात. हात ठरला की त्या हाताला सुई, सलाईन, रक्त काढणं सगळं बंद. ड्यूटी बदलली की नवी सिस्टर नेमका तोच हात पुढे मागते. मनगटावर मार्करनं ‘या हाताला सुई नको’ असं लिहून घ्या.

*मांडीचा फ्लॅप.* गाल आरपार गेला असेल, म्हणजे आतलं अस्तर आणि बाहेरची कातडी दोन्ही गेली असतील, तेव्हा हा कामाला येतो.

*पायाच्या नडगीशेजारचं हाड, म्हणजे फिब्युला.* जबड्याचा पुढचा भाग गेला असेल तर हाडाशिवाय हनुवटी उभी राहत नाही. हे हाड काढलं तरी माणूस चालतो, कारण वजन शेजारचं जाड हाड घेतं. गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा काही सेंटिमीटर भाग मुद्दाम ठेवतात, नाहीतर सांधा डळमळतो. पायाचा अंगठा वाकवण्यात थोडा अशक्तपणा राहू शकतो. पाऊलच वर उचलता येत नसेल तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

मनगट, मांडी आणि फिब्युला यांच्या फ्लॅपमध्ये रक्तवाहिनी तोडून मानेतल्या वाहिनीला मायक्रोस्कोपखाली जोडतात. त्या जोडाची चिंता पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त.

३. वॉर्डातले पहिले दिवस

पहिल्या रात्री सिस्टर तासातासाला टॉर्च मारून फ्लॅप बघते. झोपमोड होते म्हणून कुरकुर करू नका. फ्लॅप निळा-जांभळा पडला तर रक्त परत जात नाही, पांढराफटक पडला तर रक्त येतच नाही. दोन्हीत रुग्णाला काही तासांत पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं, आणि वेळेत घेतलं तर फ्लॅप वाचू शकतो. तुम्ही बघायचं ते एवढंच: मान एका बाजूला पूर्ण वळलेली नाही ना, आणि गळ्याची नळी बांधलेली नाडी मानेवर आवळून बसली नाही ना. ती नाडी, तिची गाठ किंवा घट्ट कॉलर जोडावर दाबली की रक्त अडतं.

गळ्याच्या नळीतून कफ सक्शननं काढताना एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. आतली नळी काढून धुण्याची असेल तर ती कशी फिरवून निघते ते सिस्टरकडून दोनदा करून घ्या. सगळं नीट असलं तर नळी साधारण आठवड्याच्या आसपास निघते आणि भोक पट्टीखाली आपोआप मिटतं. तोवर वही, पेन, घंटी हाताशी ठेवा. रात्री दिवे बंद असताना रुग्ण हाक मारू शकत नाही.

मानेतल्या ड्रेनच्या (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) डब्यात रोज किती मिली जमलं ते लिहा. ते दिवसाला २०-३० मिलीच्या खाली आलं की ड्रेन काढतात. रंग लालसर ते पिवळट असायला हवा. जेवण सुरू झाल्यावर दुधासारखं पांढरं यायला लागलं तर लगेच सांगा, मानेतली लसवाहिनी गळत असते.

४. नाकातल्या नळीतून जेवण

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि वजनही इथेच उतरतं.

५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. घरचे प्रेमानं देतात ते डाळीचं वरचं पाणी, शहाळं आणि मोसंबीचा रस. पोट भरतं, पण प्रथिनं जवळजवळ शून्य. डाळ द्यायची तर डाळ द्या, तिचं पाणी नाही.

एका दिवसाचा साधा ठोकताळा: एक लिटर दूध (सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं), दोन वाट्या घट्ट मूगडाळ शिजवून मिक्सरमधून काढून गाळलेली, नाचणीची पेज, चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग दुधात फिरवून, आणि डाएटिशियननं सांगितलेली प्रोटीन पावडर. प्रत्येक डाळीच्या वाटीत दोन चमचे तेल किंवा तूप घाला, तेवढ्यात साधारण ९० कॅलरी वाढतात. कच्चं अंडं नको. शेंगदाण्याचं कूट नको, नळी बुजते. शुगर असेल तर गूळ-साखरेचं प्रमाण डाएटिशियनला विचारूनच.

द्यायची पद्धत:

१) नळीवर नाकाशी जी खूण किंवा आकडा आहे तो आधी बघा. खूण बाहेर सरकली असेल तर काहीही देऊ नका.
२) रुग्णाला बसवा, निदान उशा लावून ४५ अंशांत टेकवा. आडवं कधीच नाही.
३) सिरिंजनं मागे ओढून बघा. मागचं जेवण बरंच तसंच निघालं तर तासभर थांबा.
४) ३० मिली कोमट पाणी.
५) २०० ते २५० मिली खाणं. सिरिंजचा दट्ट्या काढून, सिरिंज डोक्याच्या वर धरून आपोआप उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. घाईनं ढकललं की जुलाब होतात किंवा उलटी.
६) पुन्हा ३०-५० मिली पाणी, नळीचं झाकण बंद, आणि अर्धा तास तसंच बसणं.

सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी असं केलं की नऊ वेळा होतं. भिंतीवर कागद लावून खुणा करा. गोळ्या एकेक करून बारीक पूड करून पाण्यात द्या. हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारच्या गोळ्या कुटायच्या नसतात, म्हणून आधी विचारा. खाणं देताना खोकला आला किंवा श्वास अडकला तर तिथेच थांबा. नळी निघून आली तर घरी परत घालू नका. ओळखीच्या कंपाउंडरकडूनही नको. आत ताजे टाके असतात, आणि चुकून श्वासनळीत गेली तर पुढचं दूध थेट फुफ्फुसात जातं.

५. तोंड धुणं

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा. रोज ताजं. दिवसा दर दोन-तीन तासांनी. चूळ भरता येत नसेल तर मान पुढे झुकवून सिरिंजनं बाजूनं धार सोडा, पाणी खाली भांड्यात पडू द्या. झोंबणारं, अल्कोहोल असलेलं माऊथवॉश नको. फ्लॅपला सुरुवातीला संवेदना नसते, त्यामुळे त्याच्या कडेला अन्न साचलं तरी कळत नाही. रोज टॉर्चनं बघणं हे घरच्या माणसाचं काम.

६. रिपोर्ट आणि लाईट

ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की चार गोष्टी शोधा. कडा: गाठीपासून ५ मिमी किंवा जास्त अंतर असेल तर मोकळ्या. गाठ किती मिमी खोल गेली. मानेतल्या किती गाठींत कॅन्सर सापडला. आणि तो गाठीचं आवरण फोडून बाहेर गेला का. कडेत कॅन्सर सापडला किंवा आवरण फुटलं असेल, तर बहुधा लाईटसोबत केमोही सुचवतात.

लाईट साधारण ६० ग्रे (ग्रे हे लाईटच्या मात्रेचं माप), ३० बैठका, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. मास्क बनवणं आणि प्लॅनिंगचा सीटी यांनाच दिवस जातात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नंबर लावलेला असावा. ‘जखम पूर्ण भरू दे, मग बघू’ म्हणत गावाला जाऊन दोन महिने काढले की लाईटचा जोर कमी झालाच समजा. जखम गळत असेल तर घरी वाट बघत बसू नका, सर्जनलाच दाखवा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, लाळ घट्ट होते, चव जाते. बैठका चुकवू नका; मध्ये पडलेल्या खंडाचा फायदा कॅन्सरला मिळतो. दुखतं हे डॉक्टरांना सांगा, औषध वाढवून मिळतं. तोंडात पांढरे, खरवडले की निघणारे चट्टे दिसले तर ती बुरशी आहे, औषधानं जाते. मानेच्या कातडीला साबण घासायचा नाही, बैठकीआधी तेल-हळद लावायची नाही, वस्तरा फिरवायचा नाही.

७. तोंड उघडणं

या वर्षात एकच आकडा सांभाळायचा असेल तर हा: वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ३५ मिमी किंवा त्याहून कमी म्हणजे तोंड आखडलं. गुटखा-सुपारीमुळे पुष्कळांचं तोंड आधीच आखडलेलं असतं, त्यात ऑपरेशनचा व्रण आणि लाईट यांची भर पडते. लाईटनंतरही महिनोन्‌महिने स्नायू घट्ट होत राहतात. आखडलेलं तोंड नंतर सैल करणं फार कठीण. टिकवणं त्या मानानं सोपं.

सर्जनची परवानगी मिळाली की सुरू करा, साधारणपणे टाके भरत आल्यावर. हाड जोडलेलं असेल तर जोर लावायची तारीख तेच सांगतील.

साधन साधं आहे: लाकडी आइस्क्रीमच्या काड्या. दहा काड्यांची गड्डी बांधून जाडी पट्टीनं मोजा, म्हणजे एका काडीचा हिशेब कळतो. दाढांच्या बाजूला जेवढ्या काड्या सहज मावतात तेवढ्या ठेवा, मग मधोमध एक काडी सरकवा. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. ३० सेकंद धरा, सोडा. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच वेळा. त्याआधी गालावर पाच मिनिटं कोमट ओला टॉवेल. लाईट चालू असेल तर गरम शेक मात्र नको. दात नसतील तर काड्या हिरडीवर टेकतात, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून वेगळं साधन घ्या.

दर रविवारी आकडा कॅलेंडरवर लिहा. लागोपाठ दोन रविवार ३ मिमीनं घटला तर फिजिओकडे जा. काही आठवड्यांत झपाट्यानं घटला तर कॅन्सर सर्जनकडेच, कारण आखडण्यामागे दर वेळी व्रणच असतो असं नाही.

जबड्याच्या मागचा भाग काढून हाड बसवलेलं नसेल तर खालचा जबडा ऑपरेशनच्या बाजूला सरकतो आणि दात दातांवर येत नाहीत. आरशासमोर बसून हातानं जबडा मधोमध आणून दात मिटायचा सराव पहिल्या आठवड्यांतच लावा. गरज पडली तर दातांचे डॉक्टर वाट दाखवणारी प्लेट बनवून देतात.

८. गिळणं आणि बोलणं

नाकातली नळी काढायची ती गिळण्याच्या थेरपिस्टनं तपासल्यावर. पाणी सगळ्यात सोपं, असा समज चुकीचा आहे. पाणी सगळ्यात वेगानं पळतं, त्यामुळे ज्याचं खाणं श्वासनळीकडे जातं त्याला तेच अवघड. उलट जीभ कमी हलत असेल तर घट्ट खिचडी मागे ढकलताच येत नाही. कुणाला काय द्यायचं हे त्यानुसार ठरतं. खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरणारा येणं, वारंवार ताप, रात्रीचा खोकला ही अन्न फुफ्फुसात उतरत असल्याची लक्षणं. काहींना तर खोकलाही येत नाही.

बोलण्यात काय अडेल हे काय काढलं त्यावर अवलंबून. ओठ किंवा गालाचा कोपरा गेला असेल तर प, फ, ब, भ यांना हवा अडत नाही: ‘बाबा’चं ‘वावा’ होतं. बोलताना एका बोटानं ओठाचा कोपरा हलकासा दाबून धरला की फरक पडतो. जिभेचं टोक गेलं असेल तर त, द, न, ल आणि त्याहून जास्त ट, ड, ण, ळ बिघडतात. ‘बाळ’, ‘पाणी’, ‘डाळ’ हे घरातले रोजचे शब्दच नेमके जातात. जिभेचं मूळ शाबूत असेल तर क, ग टिकतात. टाळू गेला असेल तर सगळंच नाकातून येतं, आणि त्याला टाळूचं झाकण असलेली कवळी लागते. ती काढून रोज धुवायची असते. लाईटच्या काळात तोंडाचा आकार बदलतो म्हणून ती पुन्हा बसवून घ्यावी लागते.

दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा, आरशासमोर. अवघड अक्षरांचे पाच शब्द आठवडाभर तेच. दर आठवड्याला मोबाईलवर रेकॉर्ड करा, रोजच्या ऐकण्यात सुधारणा कानाला कळत नाही. आणि घरच्यांनी वाक्य मध्येच पूर्ण करून देऊ नये. ही सवय मोडायला रुग्णापेक्षा घरच्यांनाच जड जाते.

९. खांदा

मानेतल्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला ओढ बसते. हात कानापर्यंत जात नाही, साडीचा पदर किंवा शर्टाची बाही सावरता येत नाही. ड्रेन निघाले की भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सुरू. त्या खांद्यावर पिशवी अडकवू नका. गावातल्या मालीशवाल्याच्या हाती मान देऊ नका.

१०. दात आणि दुसऱ्या टप्प्याची ऑपरेशनं

लाईट मिळालेल्या जबड्यातला दात कुणालाही परस्पर काढू देऊ नका. हे जन्मभर लागू आहे. त्या हाडाचं रक्त कमी झालेलं असतं, जखम भरत नाही आणि हाड मरून उघडं पडतं. दातांच्या डॉक्टरकडे जाताना लाईटचा गोषवारा, म्हणजे किती ग्रे आणि कुठे, सोबत न्या. लाळ कमी असते म्हणून रोज रात्री फ्लोराईडचं जेल.

ओठाचा कोपरा नीट करणं, जाड फ्लॅप पातळ करणं, लाळ गळणं थांबवणं, आखडलेलं तोंड मोकळं करणं ही दुरुस्ती बहुधा सहा महिने ते वर्षानंतर करतात, कॅन्सर परतलेला नाही याची खात्री करून आणि व्रण मऊ झाल्यावर. फिब्युलावर दातांचे इम्प्लांट बसवता येतात. लाईट मिळालेल्या हाडात ते टिकण्याची शक्यता कमी असते, हे आधी समजून घ्या. गालाच्या कातडीतून जबड्याच्या हाडाला लावलेल्या प्लेटचा धातू दिसायला लागला तर मलम लावून झाकू नका, प्लेट काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो.

११. तपासण्या, तंबाखू आणि धावत जायच्या वेळा

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी चार ते आठ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. परतणारा कॅन्सर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो. मानेला लाईट दिली असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी. थकवा आणि सूज यांचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं.

गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे, टपरीला ते अजून कळलेलं नाही. ‘नुसती सुपारी चालते’ हेही खरं नाही. तोंड आखडवते ती सुपारीच, आणि कॅन्सरही करते. सोडायला मदत हवी तर राष्ट्रीय क्विटलाईन १८००-११-२३५६ वर मोफत फोन करता येतो.

हे दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका:

- मानेतून किंवा तोंडातून ताजं लाल रक्त. थोडं येऊन थांबलं तरी. स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा आणि दाब न सोडता निघा
- श्वास घेताना आवाज, किंवा गळ्याच्या भोकाभोवती सूज
- मानेच्या जखमेतून लाळ किंवा खाल्लेलं बाहेर येणं
- थंडी वाजून ताप
- पोटरी सुजून दुखणं, किंवा अचानक छातीत दुखून दम लागणं
- तोंडात किंवा मानेत नवी गाठ, किंवा तीन आठवड्यांत न भरलेला चट्टा